नऊ नंबरचा प्रश्न

"मुलाला काही विचारू नकोस गं. कुठलीही साडी पुढे कर, तो आईलाच हाक मारतो. एवढं सायन्स शिकून उपयोग काय?"

मी काउंटरखाली बसून अस्तराचं ठाण ओढत होते, म्हणून त्या बाईला मी दिसत नव्हते. तिचा आवाज मात्र माझ्या डोक्यावर हातभर अंतरावरून येत होता. ती आपल्या मैत्रिणीच्या कानात सांगत होती, आणि कानात सांगितलेलं दुकानात सगळ्यांना ऐकू येतं. गिऱ्हाइकाची कुजबुज ऐकायची आणि न ऐकल्यासारखं वर यायचं, एवढं मी बावीस वर्षांत शिकले आहे. त्या दिवशी वर यायला जरा वेळ लागला. गुडघ्यांचं कारण मी नंतर सांगितलं.

वर आले तेव्हा मुकुलने त्या बाईची साडी काउंटरवर छान पसरून ठेवली होती, पदर एका बाजूला, काठ एका बाजूला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, यांच्या साडीवर बघ ना." हाक मारलीच.

आमचं मॅचिंग सेंटर चारकोपच्या सेक्टर मार्केटात आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड. दहा बाय नऊची जागा आणि तिच्यात चारशे बारा छटा. कोणी नुसता हिरवा मागितला तर मी विचारते, कुठला? पोपटी, शेवाळी, मेंदी, बाटलीचा, की कच्च्या कैरीचा? दहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण रंगाच्या बाबतीत मला फसवायला अजून कोणी जन्माला यायचं आहे.

आणि चारशे बारा रंग विकणाऱ्या आमच्या घरात जेवायला बसलं की रंगाचं नाव कोणी काढत नाही. राजेश, म्हणजे माझा नवरा, मुलाला लाल शर्ट घाल असं कधी म्हणत नाही, डाव्या हँगरचा घाल म्हणतो. टोमॅटो पिकला का ते मुकुल दाबून सांगतो, आणि आम्ही म्हणतो, बघा, पोराला केवढी पारख. नववीत असताना त्याने रॅकमधल्या प्रत्येक ठाणाच्या जागेला नंबर लावले. तिसरा रॅक, सात नंबर, शेवाळी. कोणी रंगाचं नाव सांगून मागितला तर तो डोळे मिटून काढून देतो. साडी समोर टाकली तर मात्र त्याचा हात ठाणांवरून फिरत राहतो आणि मी शेजारी उभी असेन तर योग्य ठाणापाशी हात आला की माझ्या बांगड्या वाजतात. सहा काचेच्या बांगड्या आहेत माझ्या डाव्या हातात. हे आमचं कधी ठरलेलं नाही. तो सातवीत होता तेव्हा एकदा वाजल्या, त्याचा हात थांबला, आणि तेव्हापासून चालू आहे.

एकदाच घोटाळा झाला. गेल्या दिवाळीत मी तिसरा रॅक झाडून पुसून काढला आणि ठाणं परत लावताना माझ्या डोळ्यांना बरी दिसतील तशी लावली, फिक्यापासून गडदपर्यंत. नंबरांचं मला भानच राहिलं नाही. मी जेवायला घरी गेले, एका बाईने विटकरी मागितला, मुकुलने अकरा नंबरचं ठाण काढून मीटरभर फाडलं, आणि बाई पिशवीत मेंदी रंग घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आत त्या हजर. मी म्हटलं, आमच्या ट्यूबलाइट खराब झाल्यात हो, रंग दगा देतात. त्यांना पटलं. संध्याकाळी राजेशने तीन नव्या ट्यूबलाइट आणून लावल्या. जुन्या चांगल्या चालत होत्या. आमच्या घरात असंच आहे. बोलत नाहीत, ट्यूबलाइट बदलतात.

तर अशा मुलाला बारावीला केमिस्ट्रीत ब्याण्णव मार्क पडले, बोरिवलीच्या कॉलेजात पहिल्याच यादीत नाव लागलं, आणि घरात आनंदाची नुसती धांदल उडाली. केमिस्ट्री घ्यायची हे ठरलेलंच होतं. पण हल्ली नुसती केमिस्ट्री घेऊन भागत नाही. तिच्यासोबत पहिल्याच वर्षी दोनांतला एक कोर्स निवडायचा होता. एक ॲनालिटिकल, म्हणजे कशात काय आणि किती आहे ते शोधायचं. दुसरा डाइज, म्हणजे रंग कसे बनतात, कापडावर कसे बसतात, का उडतात. एकदा निवडला की तीन वर्षं तोच. फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत.

मुकुलला डाइज हवा होता.

असं नुसतं लिहिलं की काहीच कळत नाही. त्याला तो असा हवा होता की तो घरात चालायचाच बंद झाला, उड्या मारत फिरायचा. अभ्यासक्रमाची पानं त्याने छापून आणली आणि लग्नाची पत्रिका वाचावी तशी मला वाचून दाखवली. मी पोळ्या लाटत होते. तो म्हणाला, आई, रंग वस्तूत नसतोच मुळी. तिच्यावर प्रकाश पडतो, त्यातला एक तुकडा ती गिळते, आणि उरलेला आपल्याकडे येतो, त्याला आपण रंग म्हणतो.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना उष्टं विकतेय?" मी विचारलं.

तो इतका हसला की ओट्याला टेकून बसला. मग दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाकडे बघून हळूच म्हणायचा, आई, यांना एक मीटर उष्टं. मीही हसत होते. पोळी मात्र करपली होती, कारण माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की याला नेमकं हेच कसं आवडावं.

मला दुपारी दोन ते चार दुकानात काम नसतं, म्हणून मी त्याची अकरावी-बारावीची सगळी पुस्तकं वाचली आहेत. केमिस्ट्रीतलं निम्मं कळलं, निम्मं मी नावं छान आहेत म्हणून वाचलं. बायोलॉजीच्या पुस्तकात एक धडा आहे आईबापांकडून मुलांत काय काय येतं त्याचा. त्यात चौकोन आणि गोल काढून घराण्याचा तक्ता दिलाय. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. वर आजोबांचा चौकोन काळा, खाली मुलीचा गोल अर्धा काळा, त्याच्या खाली नातवाचा चौकोन पुन्हा पूर्ण काळा. मुलीला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पुढे पोचवते. मी ते पान दोनदा वाचलं. मग लक्षात आलं की त्या पानात बसचं एक जुनं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं आहे. ते मी ठेवलेलं नव्हतं.

तिकीट होतं तिथेच ठेवून मी पुस्तक मिटलं. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. आता त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. आणि रात्री आम्ही दोघांनी भेंडीची भाजी कशी झालीय यावर भरपूर बोलून घेतलं.

तक्त्यातला वरचा काळा चौकोन म्हणजे माझे वडील, आबा. आता ऐंशी वर्षांचे आहेत. आमच्याच सेक्टरात मागच्या गल्लीत माझ्या भावाकडे राहतात आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आमच्या दुकानाच्या दारात स्टुलावर बसतात. आबा गिरणीत रंगखात्यात होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते रोज डब्यातून रंगवलेल्या कापडाच्या चिंध्या आणायचे. आमच्या परळच्या खोलीत जेवण झालं की एकेक चिंधी माझ्यासमोर धरायचे. "हो कसलो रंग गो, माधुरी?" मी सांगायचे, विटकरी. ते चिंधीच्या मागे पेन्सिलीने लिहायचे. "आनि हो?" शेवाळी. लिहायचे. चुकले तर रागवायचे नाहीत. मला वाटायचं, आबा मला शिकवतायत. मैत्रिणींना मी फुशारकीने सांगायचे की माझे बाबा मला घरी रंग शिकवतात. कोण कोणाला शिकवत होतं ते समजायला मला चाळिशी यावी लागली.

पुढे एक दिवस त्यांना रंगखात्यातून काढून घडीखात्यात टाकलं, जिथे तयार कापडाच्या घड्या घालायच्या. मुकादमाशी भांडण झालं म्हणून, असं आई सांगायची. मग भाऊ सांगायला लागला, मग मी राजेशला सांगितलं, आणि मुकुलने पाचवीत 'माझे आजोबा' या निबंधात लिहिलं की माझे आजोबा अन्यायाविरुद्ध लढले. दहापैकी नऊ मार्क मिळाले.

तर मुकुलने डाइज म्हटलं आणि घरातल्या प्रत्येकाला ॲनालिटिकलचा अचानक पुळका आला. राजेशचा मावसभाऊ हर्षद ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरीला आहे, तिथल्या कँटीनच्या हिशोबखात्यात, पण ट्रॉम्बे म्हटलं की आमच्याकडे सगळे जरा सावरून बसतात. त्याचं मत घेण्यात आलं. ॲनालिटिकलला स्कोप आहे, असं मत पडलं. माझ्या भावाने सांगितलं की डाइजवाल्यांचे हात कायमचे रंगतात, लग्न जमताना त्रास होतो. राजेश म्हणाला, वास फार असतो रे त्यात, तुला सर्दीचा त्रास. मी म्हटलं, ॲनालिटिकलचे वर्ग सकाळचे असतील, तुला दुपार मोकळी मिळेल. दोन्हीचे वर्ग सकाळचेच होते, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. मुकुल प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. खरं कारण कोणी बोलत नाहीये हे त्याला कळत होतं, आणि तोही ते विचारत नव्हता. कारण विचारलं असतं तर आम्हाला सांगावं लागलं असतं.

मंगळवारी कॉलेजने पालकांना बोलावलं होतं, दोन्ही कोर्स प्रत्यक्ष दाखवायला. राजेशला सुट्टी नव्हती. दुकान आबांच्या आणि शेजारच्या फॉल-बिडिंगवाल्या सुंदराबाईंच्या जिवावर सोडून मी गेले. रिक्षात मुकुल सतत बोलत होता, मी आरशात माझी टिकली सरळ करत होते. खोटं कशाला सांगू, मीही फुलले होते. केमिस्ट्रीची लॅब मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती.

विभागाच्या प्रमुख इरावती मॅडम माझ्याच वयाच्या असतील. केस बारीक कापलेले, पांढऱ्या कोटावर इतके डाग की त्यावरून त्यांची नोकरी किती वर्षांची ते मोजता यावं. पहिल्या टेबलावर त्यांनी बर्फात दोन पेले ठेवले होते. दोन्हीत पाण्यासारखं काहीतरी. त्यांनी पांढऱ्या सुती कापडाची पट्टी एका पेल्यात बुडवली, निथळली, मग दुसऱ्यात सोडली. आणि पट्टी पेटल्यासारखी रंगली. कुठून आला तो रंग? दोन्ही पेल्यांत तर नव्हता. बावीस वर्षं मी रंग विकते, पण रंग जन्मताना मी कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "गाजरी!"

सगळे वळले. मॅडम हसल्या. म्हणाल्या, आम्ही याला ऑरेंज म्हणतो. मी म्हटलं, मॅडम, ऑरेंज माझ्याकडे नऊ प्रकारचा आहे, हा गाजरी. त्यांनी पट्टी खिडकीशी उजेडात नेऊन पाहिली, अगदी आम्ही दुकानाबाहेर नेऊन पाहतो तशी, आणि पालकांच्या घोळक्यासमोर मान्य केलं की हो, गाजरीच आहे. मुकुलने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ब्याण्णव मार्क आणले होते.

पुढे त्यांनी तोच रंग काचेच्या छोट्या चौकोनी नळीत भरून एका यंत्रात ठेवला. यंत्राच्या पडद्यावर एक डोंगर उमटला, आणि डोंगराच्या टोकाला आकडा, चारशे पंच्याऐंशी. प्रकाशातला कुठला तुकडा गिळला त्याचा तो आकडा, असं मॅडमनी सांगितलं.

मुकुल पुढे सरकला. "मॅडम, म्हणजे डोळ्यांनी न बघता रंग सांगता येतो?"

"डोळ्यांपेक्षा बरा सांगता येतो," मॅडम म्हणाल्या. "डोळे दमतात."

तो त्या यंत्रापुढून हलेना. मागची मुलं ढकलायला लागली तरी हलेना. मी त्याचा चेहरा बाजूने बघत होते. पाचवीत त्याला पहिली सायकल दिली तेव्हा त्याने ती रात्री पलंगाला टेकवून ठेवली होती, तसा चेहरा होता तो.

दुसरं टेबल ॲनालिटिकलचं. आमच्या घरातल्या सगळ्यांचं लाडकं, बिनरंगाचं. तिथे उभ्या नळीतून, ब्युरेटमधून, थेंब थेंब ॲसिड खालच्या चंबूत सोडायचं होतं. चंबूतलं पाणी पिवळं, आणि ज्या एका थेंबाला ते केशरी-गुलाबी होईल त्या थेंबाला थांबायचं. मॅडमनी सांगितलं, पहिलं वर्षभर इथे हेच चालतं, सगळं डोळ्यांवर. ज्या रंगापासून वाचवायला आम्ही त्याला आठवडाभर इकडे ढकलत होतो, तो इथे वाट बघत बसला होता, आणि थेंबाथेंबाला.

मुलं एकेक करून पुढे जात होती. कोणाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ, कोणाचं दहा पूर्णांक चार. मुकुलची पाळी आली. त्याने हात स्थिर ठेवला, तोटी हलकेच फिरवली. थेंब. थेंब. तो चंबू हलवत होता आणि बघत होता, आणि काय बघायचं तेच त्याला दिसत नव्हतं. त्याचे कान लाल झाले. थेंब. पिवळं, पिवळं, मग कडेला नुसती छटा आली, आबोलीच्या आतल्या पाकळीसारखी.

माझ्या बांगड्या वाजल्या.

त्याने तोटी बंद केली. दहा पूर्णांक शून्य. अख्ख्या वर्गात त्याचंच अचूक. मुलांनी वा म्हटलं. इरावती मॅडमनी नळीकडे पाहिलं, मुकुलकडे पाहिलं, आणि मग माझ्या मनगटाकडे. मी हात पदराखाली घेतला. निघताना मॅडमनी सगळ्यांना नमुना फॉर्म वाटले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या की आठवा प्रश्न कोर्सचा आहे, तो नीट विचार करून भरा, आणि नववा घाईत भरू नका, त्याच्या उत्तरावरून आम्ही प्रॅक्टिकलची टेबलं लावतो. माझ्या हातात कागद देताना त्यांचं बोट नऊ नंबरवर होतं.

रिक्षात बसल्यावर मी तो वाचला. विद्यार्थ्याला रंग ओळखण्यात काही अडचण आहे का? हो किंवा नाही.

परतीच्या वाटेवर मुकुल यंत्राबद्दलच बोलत होता. मग म्हणाला, "आई, कॉलेजात तुला रोज यायला नाही जमणार ना." मी म्हटलं, दुकान कोण बघणार. दोघंही हसलो. रिक्षावाल्याला वाटलं असेल, काय मजेत आहेत मायलेकरं.

शुक्रवारी राजेशने अर्धी रजा टाकली. चारच्या सुमारास आम्ही सगळे दुकानातच बसलो, कारण मोबाइलला रेंज तिथे बरी येते. मुकुल काउंटरवर पाय वर घेऊन बसला, हातात फोन. राजेश नमुना फॉर्म घेऊन शाळेच्या मास्तरांसारखा उभा, एकेक प्रश्न वाचत होता. आबा दारात स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून. मी अस्तराची घडी घालत होते, तीच घडी चौथ्यांदा. गंमत म्हणजे घरात सण असल्यासारखं वाटत होतं. राजेशने येताना जिलेबी आणली होती, फॉर्म गेला की फोडायची म्हणून.

नाव, पत्ता, आईचं नाव, शिक्षण. मुकुलने माझ्या नावापुढे काय टाकलं ते मी डोकावून पाहिलं. व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'रंगतज्ज्ञ' असं लिहिलं होतं. मी त्याला चापट मारली, पण बदलायला सांगितलं नाही. रक्तगट झाला. आठवा प्रश्न आला.

"आठला मी डाइज टाकलंय," मुकुल म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला.

राजेशने घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. हर्षदचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ते त्याने गिळलं. "बरं. दहा. वसतिगृह हवं आहे का."

"नको," मुकुल म्हणाला. मग पडद्यावर अंगठा दोनदा दाबून, "पण पुढे जात नाहीये."

"नेट स्लो असेल," राजेश म्हणाला.

"बंद करून परत उघड," मी म्हटलं.

त्याने बंद करून परत उघडलं. त्या मेल्या फोनला आमच्यासारखं वळण नव्हतं. नऊ भरल्याशिवाय तो दहाकडे जाऊ देत नव्हता. आम्ही तिघांनी त्या फोनकडे पाहिलं. बाहेर सुंदराबाईंचं पिकोचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. हो लिहावं तर मुलाला आत घ्यायच्या आधीच बाहेर काढतील, ही राजेशची भीती मला न बोलता ऐकू येत होती. नाही लिहावं तर पहिल्याच प्रॅक्टिकलला मुकुल त्या चंबूसमोर एकटा उभा राहणार होता, बांगड्यांशिवाय, ही माझी. आणि दोघांनाही आमच्या भीतीपेक्षा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी राजेशनेच वाट काढली. चांगल्या मनाचा माणूस आहे, वाट नेहमी आडवीच काढतो. म्हणाला, "असं करू का, आठ बदलून बघ. ॲनालिटिकल टाकलंस तर कदाचित ते नऊ येणारच नाही."

येणार होतं. मंगळवारी मी ते टेबल पाहिलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं की साडेचार वाजत आलेत, जे करायचं ते करा. उजव्या हाताने मी डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या.

मुकुलने मान हलवली. आठवडाभर हलवत होता तशीच. अंगठ्याने पडदा वर सरकवला. आठव्या प्रश्नापाशी आला. डाइजसमोरची खूण काढली. आता तिथे काहीच नव्हतं, आणि त्याचा अंगठा दुसऱ्या चौकोनावर अधांतरी थांबला होता. मला तो आकडा आठवला, डोंगराच्या टोकावरचा, चारशे पंच्याऐंशी.

स्टूल करकरलं. आबा आत वळून बसले होते.

"राजेशराव, नववो तुमी वाचूक नाय."

राजेश गडबडला. म्हणाला, तो असाच असतो आबा, सगळ्या फॉर्ममध्ये असतो.

"वाचा."

जावयाला त्यांनी कधी हुकूम केला नव्हता. राजेशने वाचला, अगदी हळू, शेवटचे शब्द तर तोंडातल्या तोंडात. वाचून झाल्यावर कागद खाली केला आणि ट्यूबलाइटकडे बघत राहिला.

आबांनी मुकुलकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चिंध्या समोर धरायचे तेव्हा पाहायचे तसं.

"हो लिव रे, झिला," ते म्हणाले. "आनि तो रंगाचोच घे. तुका तांबडा नि हिरवा एकच दिसता. माका पन एकच दिसता, जल्मापासून. मुकादमाशी माझा भांडान कधी झालाच नाय."